बिनमिठाचं ताट

दाताखाली कट्‌कन काहीतरी आलं आणि ब्रीडाला आधी वाटलं, गेला दात. अकराच्या चहाला विम्याच्या त्या ऑफिसातल्या सगळ्याजणी खिडकीपाशी जमल्या होत्या. इमेल्डाने बेकरीतून हॅलोवीनचा ब्रॅक, म्हणजे मनुकांचा गोड पाव, आणला होता, त्याच्या जाड जाड फोडी कापून वर सढळ हाताने लोणी फासलं होतं, आणि ब्रीडाने आपली फोड न बघताच उचलली होती. बघणार कुठून? सकाळपासून तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, संध्याकाळी आईपुढे बोलायचं ते, आणि त्या वाक्याला काही केल्या सुरुवात सापडत नव्हती. 'आई, मला तुझ्याशी बोलायचंय.' छे, असं म्हटलं की आई लगेच 'कोण गेलं?' म्हणून विचारते. 'आई, कॉर्नी म्हणून एकजण आहेत.' एकजण! म्हणजे कोण, गॅसवाला? 'आई, तू रागावणार नसशील तर.' पण आई रागावणार नाही असं कधी झालंय का? तेवढ्यात हे कट्‌कन. तिने रुमाल तोंडाला लावला, घास त्यात काढला, आणि मनुकांच्या ओल्या लगद्यातून पिवळी अंगठी वर आली, कापताना मेणकागद फाटून उघडी पडलेली. तिला ती तशीच गुपचूप लपवायची होती. पण इमेल्डाची नजर घारीची.

"अगं बाई, ब्रीडाला अंगठी!" इमेल्डाने टाळ्याच पिटल्या. "वर्षाच्या आत लग्न! चला, नवरा शोधा कुणीतरी!"

पोर नवीन होती, बोलून गेली, आणि बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. बिचारीचे कान लाल झाले. कुणी कपात चमचा फिरवायला लागलं, कुणाला खाली रस्त्यावर काहीतरी बघण्यासारखं दिसलं. शेवटी टूमीबाईंनीच तोंड उघडलं, त्या ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या, त्यांना तेवढा हक्क होता. "पुढच्या चोवीस तारखेपर्यंत तरी दम धर म्हणावं तिला. आधी सार्वमताचा निकाल तर लागू दे!" सगळ्याजणी हसल्या, सुटल्यासारख्या हसल्या, आणि ब्रीडा सगळ्यांत मोठ्याने हसली. न हसून सांगते कुणाला? नवरा असलेली नाही, नवरा मेलेली नाही, नवऱ्याने टाकलेली. सुरुवातीची काही वर्षं ती पोस्टातून जो सरकारी भत्ता उचलायची, त्याच्या नावातच तो शब्द होता. पोस्टातली पोरगी तो शब्द मोठ्याने वाचायची नाही, एवढाच काय तो तिचा चांगुलपणा. आता महिनाभर सगळ्या देशाला दुसरा विषय नव्हता. घटस्फोटाचा कायदा हवा की नको, विजेच्या प्रत्येक खांबावर 'हो' आणि 'नाही'चे फलक, कुठे कुठे एकाच खांबावर दोन्ही, आणि लोक बसमध्ये, दारूच्या गुत्त्यात, चर्चच्या पायरीवर जे काही तावातावाने बोलत होते ते आपल्याबद्दलच बोलताहेत असं तिला वाटायचं. बोलतही होते, काय सांगावं. कॉर्क काही मोठं शहर नाही.

तिने अंगठी पुसली आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून कोटाच्या खिशात टाकली. दात गेला नव्हता, पण मागच्या दाढेचा एक तुकडा उडाला होता. तिथे आता एक धारदार कोपरा तयार झाला होता आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात होती. नको म्हटलं तरी जात होती. दिवसभर ती कागदांवर शिक्के मारत राहिली आणि जीभ तो कोपरा चाचपत राहिली. वाऱ्याची झुळूक आली, चहाचा घोट गेला, की एक कळ दाढेतून निघून डोळ्यामागे जायची. आईच्या ब्रॅकमध्ये दात तुटायची कुणाची टाप नव्हती. आई प्रत्येक वस्तू मेणकागदात नीट पुडी बांधून घालायची. अंगठी म्हणजे लग्न, चिंधी म्हणजे दारिद्र्य, काटकी म्हणजे नवऱ्याचा मार, वाटाण्याचा दाणा म्हणजे जन्मभर बिनलग्नाची. लहानपणी ब्रीडाला हे सगळं खरं वाटायचं. मग थोडी मोठी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की चिंधी नेहमी बाबांनाच येते आणि काटकी नेहमी आईलाच, आणि बाबा चिंधी डोक्यावर ठेवून नाचतात आणि आई काटकीने त्यांना मारते. म्हणजे आईला माहीत असायचं कुठे काय आहे ते. पिठात वस्तू खुपसतानाच ती मनात खूण करून ठेवायची. आणि अंगठीसाठी आई दुकानातली पितळेची अंगठी आणत नसे, स्वतःच्या बोटातली काढायची, साबण लावून, कण्हत कण्हत. जिला मिळेल तिने ती रात्रभर उशाखाली ठेवायची आणि सकाळी आईला परत द्यायची. लग्नाच्या आदल्या वर्षी ती ब्रीडाला मिळाली होती. पुढे तिचा नवरा झालेला फिनबार तेव्हा टेबलापाशी बसला होता, त्याचे ते थंडीने लाल होणारे कान, आणि आईने ताटली फिरवून अंगठीची बाजू बरोबर ब्रीडाकडे केली होती. म्हणजे ते लग्न आईनेच लावलं होतं म्हणा ना! फिनबार गेल्यानंतरच्या हॅलोवीनला ब्रॅकमध्ये अंगठी नव्हती. चिंधी होती, काटकी होती, दाणा होता. आई म्हणाली, बोट सुजलंय, निघत नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही बोट सुजलेलंच होतं. मग कुणी विचारायचंच सोडून दिलं.

तो काही भांडून गेला नव्हता, हीच तर खरी गोम. भांडून गेला असता तर तिला निदान काहीतरी धरायला मिळालं असतं. तीन महिन्यांचं काम आहे म्हणाला, इंग्लंडला, पैसे पाठवतो म्हणाला. तिने त्याची बॅग भरली, त्यात अर्धा सोडा ब्रेड फडक्यात बांधून घातला, बोटीवर खायला. सकाळी बंदरावर त्याने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि शीळ घालत फळीवरून चढला. ती शीळ तिला आजही आठवते, सूर धड नसलेली. तीन महिने झाले, सहा झाले, पैसे दोनदा आले, मग पैसे यायचे थांबले, पत्रं तर तो लिहीतच नसे. आणि त्या वर्षीच्या हॅलोवीनला आईने त्याचं ताट मांडलं. आईच्या घरची रीत होती. या संध्याकाळी घरचे मेलेले घरी येतात, त्यांचं ताट खिडकीत. त्या ताटात मीठ घालायचं नाही, आणि लोणी नाही, कारण लोणीही खारटच. बटाटा आणि कोबी दुधात कुस्करून झाला की मीठ घालायच्या आधीच त्यांचा वाटा काढून ठेवायचा. मेलेल्यांना मीठ चालत नाही, मीठ लागलं की ते दारातूनच मागे फिरतात, असं आई सांगायची, तिची आई तिला सांगायची. पण जे नुसते लांब गेलेत, बोस्टनला, लिव्हरपूलला, जे परत येतील, त्यांचं ताट टेबलावर, त्यांच्या त्यांच्या खुर्चीपुढे. त्यात मीठ, आणि मधोमध खड्डा करून त्यात लोण्याचं तळं. तसं फिनबारचं ताट दरवर्षी ब्रीडाच्या समोर मांडलं जायचं. अकरा वर्षं. ती आपला घास गिळायची आणि समोरच्या ताटातलं लोणी हळूहळू थिजताना बघायची. कुणी एक शब्द बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ते तव्यावर परतून स्वतः खायची, अन्न वाया घालवायचं नाही म्हणून. मधे एका वर्षी शेजारच्या पोराने त्याला कव्हेंट्रीत बसच्या थांब्यावर बघितलं, एका बाईबरोबर, दोन मुलांचे हात धरलेला. ब्रीडाने ते आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं, आणि त्या हॅलोवीनलाही ताट मांडलं, मीठ घालून. त्या रात्री ब्रीडाच्या मनात पहिल्यांदा आलं की हा मेला असता तर बरं झालं असतं. खिडकीत गेलं असतं ताट एकदाचं. पुढच्या शनिवारी तिने फादरांजवळ हे कबूल केलं, त्यांनी जपमाळ ओढायला सांगितली, तिने ओढली. आणि पुढच्या वर्षी, ताटापुढे बसल्यावर, पुन्हा तेच मनात आलं.

पाच वाजता ती ऑफिसातून निघाली आणि पाय आपोआप मार्केटकडे वळले. दुकानं बंद होत होती, फरशीवर पाण्याच्या बादल्या ओतल्या जात होत्या, मासळीच्या ओट्यावरचा बर्फ कुणीतरी फावड्याने ओढत होतं. कॉर्नीचा गाळा कोपऱ्यात. अंडी, लोणी, ताक, बस. त्याच्याकडे अजून लोण्यातली अंडी मिळायची. कोंबडीखालून काढलेलं गरम अंडं लोणी लावलेल्या तळव्यात घोळवायचं, की टरफल ते पिऊन घेतं, चकाकायला लागतं, आणि कित्येक महिने ताजं राहतं. त्याचे तळवे त्यामुळे कायम मऊ, लहान मुलासारखे. बाकी माणूस ओबडधोबड, मान जाड, बोलणं थोडं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पहिल्यांदा त्याने ब्रीडाचा हात धरला तेव्हा तिला त्या मऊपणाचीच लाज वाटली होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन वर्षं ते दोघं नदीकाठी फिरत होते, अंधार पडल्यावर, शहराच्या त्या टोकाला जिथे कुणी ओळखीचं भेटत नाही. आणि गेल्या रविवारी तो अचानक थांबला आणि म्हणाला, "हे बघ ब्रीडा, कायदा होवो न होवो, ते देशाचं काम आहे. आईला सांगणं हे तुझं काम आहे. हॅलोवीनला जाशील तेव्हा सांग. नाही जमलं तर तसं मला सांग, मी रागावणार नाही. पण मग मी घरी बसेन. मागच्या दाराने जेवायला येण्याचं माझं वय राहिलं नाही." तो आवाज न चढवता बोलला, म्हणूनच तिला भीती वाटली. कॉर्नी एकदा बोलला की बोलला.

आता त्याने तिला बघितलं आणि हात फडक्याला पुसले. "सांगितलंस?"

"अजून गेलेच नाही रे. जातेय."

"गालाला काय झालं?"

"काही नाही. दात."

त्याने कागदी पिशवीत सहा अंडी भरली, मग जरा थांबून सातवं टाकलं, आणि पिशवी तिच्यापुढे धरली. "आईंना दे."

"आणि कुणी दिली म्हणून सांगू?"

"तेच तर सांगायचंय ना, बाई," कॉर्नी म्हणाला, आणि खाली वाकून उरलेली अंडी पेंढ्यात लावायला लागला.

ती पुलावरून उत्तरेकडे आली. ली नदी फुगली होती, बिअरच्या भट्टीतल्या भाजलेल्या सातूचा वास धुक्यात अडकून राहिला होता. बाबा त्या भट्टीत पिंपं बांधायचे, त्यांच्या कोटाला हाच वास असायचा, आणि ते गेल्यावर आईने तो कोट कित्येक महिने न धुता दारामागे ठेवला होता. विधवा असणं किती सोपं आहे, ब्रीडाच्या मनात आलं, आणि लगेच तिला स्वतःची घृणा वाटली. पण खरंच होतं ते. आईला काळे कपडे मिळाले, शेजाऱ्यांनी वाडगे भरभरून रस्सा आणला, लोक हात हातात घेऊन बसले, चर्चमध्ये वर्षश्राद्धाची मिस्सा झाली. कोट दारामागे ठेवायचा अधिकार मिळाला. तिला काय मिळालं? फिनबारचा एक जुना रेनकोट होता, तो तिने ठेवला तर वेडी, आणि टाकला तर उतावळी. शेवटी तिने तो चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकला आणि दोन महिने तो अंगावर घालून फिरणारा एक म्हातारा तिला शहरभर दिसत राहिला. एकदा ती त्याच्यामागे कितीतरी लांब चालत गेली होती. चढण सुरू झाली तशी दाढ ठणकायला लागली. मुखवटे घातलेली पोरं खाऊ मागत दारं ठोठावत धावत होती, एकाने तिला 'भॉऽ' केलं आणि ती खरंच दचकली, अंड्यांची पिशवी छातीशी धरली. शँडनच्या चर्चच्या मनोऱ्यावरची चार घड्याळं नेहमीप्रमाणे चार वेगळ्या वेळा सांगत होती. आईच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर 'नाही'चा फलक होता, आणि आईच्या खिडकीच्या काचेवर आतून त्याचंच छोटं पत्रक चिकटवलेलं. गेल्या आठवड्यात नव्हतं ते. ब्रीडा ते बघत गल्लीत उभी राहिली. परत जावं, कॉर्नीला सांगावं, नाही जमलं. काय होईल? तो घरी बसेल. आणि आपण इथे येत राहू, दरवर्षी, ताटासमोर. मग तिने दार ढकललं.

"आलीस? उशीर केलास," आई चुलीपासून न वळता म्हणाली. ऐंशीला टेकली होती हॅना, पण बटाटे कुस्करताना दंडाची शीर अजून फुगायची. "पाय पूस. आणि दार लाव, धुकं आत येतंय. तोंड का असं?"

"दाढेचा तुकडा पडला. ऑफिसात ब्रॅक होता."

"दुकानातला खाल्ला असशील. दुकानातल्या ब्रॅकमध्ये काय वाट्टेल ते घालतात मेले."

ब्रीडाने पिशवी टेबलावर ठेवली. आईने लाकडी बत्ता बाजूला ठेवला, हात पुसले, एक अंडं बाहेर काढून दिव्यापुढे धरलं. ते चकाकलं. अंडी एक एक करून वाडग्यात ठेवली, शेवटचं हातात धरून जरा थांबली, आणि तेही ठेवलं. आता, आता बोलायचं. तिने दाढ दाबायला खिशातून रुमाल काढला, गाठ सुटली, आणि ती पितळेची अंगठी टण्‌कन टेबलावर पडून घरंगळत आईच्या हाताशी गेली.

आईने ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, नखाने खरवडली. "पितळ आहे," ती म्हणाली. "त्या अंडीवाल्याने दिली?"

ब्रीडा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "ब्रॅकमधली आहे, आई. त्याने नाही." आणि मग, अगदी हळू, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दर शुक्रवारी अंडी कुणाकडून घेते मी? दोन वर्षं तो माणूस मला सहाच्या पैशात सात देतोय. माझ्या तोंडाकडे बघून देतोय का?" आईने अंगठी टेबलावर ठेवली आणि पातेल्याकडे वळली. "नदीकाठाने फिरता म्हणे. या वयात सर्दी होईल."

ब्रीडाला हसू आलं आणि रडूही आलं. दिवसभर जुळवलेलं वाक्य आता लागणारच नव्हतं. बोलायला तिने मान वर केली आणि तेव्हा तिला टेबल दिसलं. तिची खुर्ची, आईची खुर्ची, आणि समोर फिनबारची. फिनबारच्या खुर्चीपुढे काहीच नव्हतं. तिने खिडकीकडे बघितलं. त्या पत्रकाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर, मेणबत्तीच्या दोन बाजूंना दोन ताटं. पांढरीफटक, लोण्याशिवाय. एक बाबांचं, निळ्या काठाचं. आणि दुसरं.

"आई. दुसरं ताट कुणाचं?"

"बस आधी."

"कुणाचं?"

"फिनबारचं."

बाहेर पोरं ओरडत गेली. ब्रीडाला सगळ्यांत आधी त्याचे लाल कान आठवले. मग फडक्यात बांधलेला ब्रेड. तिने इतक्या वेळा हे मागितलं होतं, मनातल्या मनात, या खुर्चीत बसून, आणि आता ते समोर आलं होतं. आपणच मारलं त्याला, असं काहीतरी वेड्यासारखं तिला वाटलं. "कधी गेला?" तिने विचारलं. "कशाने? कुणी कळवलं तुला?"

"कुणी नाही. मी ठरवलं." आईने पातेल्यात मीठ टाकलं, ढवळलं, चव बघितली. "तीन महिन्यांचं सांगून गेलेला माणूस अकरा वर्षं आला नाही, तर तो मेला. माझ्या घरात मेला. सकाळी मिस्सेला गेले तेव्हा त्याच्या नावाने मेणबत्ती लावून आले. फादरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"म्हणजे तो मेलेला नाही."

"तुझ्यासाठी मेलाय. तू विधवा आहेस, पोरी. विधवेने लग्न केलं तर कुणाची ना नाही, देवाचीही नाही." आई आता तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या त्या कडक म्हाताऱ्या चेहऱ्यावर एक विनवणी होती जी ब्रीडाने आजवर कधी बघितली नव्हती. "मत मी 'नाही'लाच देणार, ते तू मला सांगायचं नाहीस. बांधलेलं सोडायचं नसतं. पण मरणाने सुटतं ते सुटतं. मी दोन रात्री विचार केलाय. एवढंच जमतं मला, बाई. एवढं घे."

आणि घ्यायला काय हरकत होती? ब्रीडा उभी होती आणि तिला दिसत होतं, किती सोपं आहे. नुसतं 'बरं' म्हणायचं. खाली बसायचं, जेवायचं, आणि उद्या मार्केटात जाऊन सांगायचं, झालं रे, आई हो म्हणाली. कॉर्नी हात फडक्याला पुसेल. आई लग्नाचा केकसुद्धा करेल, काळ्या मनुका व्हिस्कीत भिजवून. विधवा! तिला मिळालं नव्हतं ते सगळं आता मिळत होतं, मेणबत्तीसकट. आणि दरवर्षी या संध्याकाळी ती कॉर्नीबरोबर इथे येईल, आणि खिडकीत ते ताट असेल, आणि त्याच वेळी कव्हेंट्रीत तो माणूस बसमधून उतरून, बेसूर शीळ घालत, पोरांना घेऊन घरी जात असेल. बंदरावर जे घडलं ते कधी घडलंच नव्हतं असं होईल. तो तिला सोडून गेला हे कुणी कधी तोंडाने बोललंच नव्हतं. आईने दरवर्षी मीठ घातलं म्हणून नव्हतं बोललं, आणि आता मीठ काढून घेतलं म्हणून बोलायचं नाही. अकरा वर्षं आपण त्याच्या मरणाची वाट बघितली, ती का? स्वतः काही करावं लागू नये म्हणूनच ना? जीभ पुन्हा त्या तुटक्या कोपऱ्यावर गेली आणि तिथून कळ निघाली, डोळ्यापर्यंत.

ती खिडकीपाशी गेली आणि मेणबत्तीच्या पलीकडचं ताट तिने उचललं.

"ब्रीडा!" आईने छातीवर क्रुसाची खूण केली. "ठेव ते! खिडकीतलं उचलायचं नसतं. ते मेलेल्याचं अन्न आहे!"

"तो मेलेला नाही, आई." तिने बाबांच्या ताटाला धक्का लागू दिला नाही. दुसरं ताट टेबलावर आणलं, फिनबारच्या खुर्चीपुढे ठेवलं, आणि त्या खुर्चीत स्वतः बसली. तो गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं, तिचा एक पाय आखूड होता हेही तिला माहीत नव्हतं. "तो कव्हेंट्रीला आहे. त्याला बायको आहे, दोन मुलं आहेत. तो मला सोडून गेला. मी त्याची बॅग भरली आणि तो मला सोडून गेला. आणि आता मी त्याला सोडतेय. जिवंत माणसाला सोडतेय मी. मला विधवा करू नकोस."

ब्रीडाने चमचा उचलला आणि पहिला घास घेतला. गार झालं होतं. बटाटा होता, कोबी होता, दूध होतं, आणि चव कसलीच नव्हती. जन्मात पहिल्यांदा ती हे खात होती. बाबा दरवर्षी हे खायला येतात? ती चावत राहिली आणि घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती खात राहिली, दुसरा घास, तिसरा. तिला वाटलं, आई आता म्हणेल, ऊठ माझ्या घरातून. म्हणेल, त्या अंडीवाल्याकडेच जा. म्हणाली असती तर ती गेली असती, आणि परत कधी आली नसती, आणि हे दोघींनाही कळत होतं. मेणबत्तीचा एक थेंब खिडकीच्या कट्ट्यावर पडला. बाहेरच्या पोरांनी दार ठोठावलं, वाट बघितली, आणि कुणी उघडत नाही म्हणून निघून गेली.

"मी 'नाही'लाच मत देणार," शेवटी आई म्हणाली.

"दे."

"सगळ्या गल्लीला सांगणार."

"सांग."

आई चुलीपाशीच उभी होती, पाठमोरी. मग ती वळली. तिच्या हातात मिठाचा मातीचा गडू होता. ती टेबलापाशी आली, लेकीच्या ताटाकडे बघत राहिली, आणि चिमटीत मीठ घेऊन तिने त्यावर भुरभुरलं, पातेल्यात घालते तसं, वरून, हात उंच धरून. मग आणखी एक चिमूट. मग चमच्याच्या पाठीने मधोमध खड्डा केला आणि त्यात लोण्याचा गोळा सोडला. त्या गार बटाट्यात तो काही वितळला नाही, तसाच बसून राहिला.

"त्याला सांग, सातवं अंडं आता पुरे," आई म्हणाली आणि आपल्या खुर्चीत बसली. आपलं ताट तिने ओढलं नाही.

ब्रीडाने पुढचा घास घेतला. मीठ त्या तुटक्या दाढेत शिरलं आणि अशी झणझणीत कळ आली की तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"दुखतंय?" आईने विचारलं.

"हो."

"दुखणारच," आई म्हणाली. "जेव."